स्वेनची घाई

१२ जून २०१६, जॉन्सनव्हिल
फळं सुकवायचं यंत्र आलं. ओळखीतल्या म्हाताऱ्या डॅनिश इंगेच्या गराजमधल्या गाण्यांच्या टेप्स इतक्या वर्षांत चिकट झाल्यात. मंद आचेवर सुकवल्या की काही आठवडे वाजतात, मग पुन्हा तशाच. मी नोकरी करते त्या ध्वनी-आर्काइव्हला रस नाही. ("डॅनिश जॅझ? त्यात आपलं काय?") म्हणून घरीच.
आईने झाकण उघडून आत हात घातला. "उन्हाळा विकत मिळतोय व्हय इथं?" इचलकरंजीहून इथल्या जूनच्या हिवाळ्यात आल्यापासून बिचारीला धड ऊन दिसलेलं नाही.

१४ जून
पहिली टेप वाजली! इंगेचा नवरा स्वेन, पियानोवर. सत्तरच्या दशकातला कोपनहेगनचा क्लब. ग्लासांचा आवाज, कुणीतरी खोकतंय. त्याने स्वतःच स्टेजखाली बॅटरीवरचं छोटं मशीन ठेवलं होतं म्हणे. इथे आल्यावर जन्मभर लोकांचे पियानो ट्यून करत राहिला आणि गेला. नावावर एक रेकॉर्ड नाही.
हे लोकांनी ऐकलंच पाहिजे. नाहीतर मी हे शिकले कशाला?

१९ जून
यंत्रात सांडगे!! आईशी भांडण. "तुझ्या फितींना वास कळतोय काय?" तास गेला पुसण्यात. मग दुसरी टेप आत.

२६ जून
त्याच रात्रीची दुसरी टेप म्हणजे कहर. रात्र चढते तसा स्वेन पेटत जातो. शेवटची चाल तर बोटं दिसू नयेत अशी. कोपनहेगनच्या येन्सला पाठवली. जुनी रेकॉर्डिंग्ज शोधून एलपी काढतो, एकट्याची छोटी कंपनी.

३ जुलै
येन्स एलपी काढतोय. दुसरी टेप अख्खी. कव्हरवर मागे माझं नाव. अप्पांना फोन लावला, पलीकडे यंत्रमागांचा खडखडाट.
"कुणाची प्लेट?"
"एका पियानोवाल्याची."
"मग तुझं नाव कशाला?"
समजावलं. मग म्हणाले, "मधलं नाव नीट लिव्हाय सांग."
मधलं नाव त्यांचं.

१० जुलै
इंगेकडे. येन्सला तिचा होकार हवा. आनंदाने रडेल असं वाटलं होतं. दुसरी टेप लावली, ती डोळे मिटून बसली, शेवटची चाल संपल्यावर म्हणाली, "हा स्वेन नाही."
मी बॉक्सवरचं नाव दाखवलं.
"नाव असेल. स्वेन घाई करायचा नाही. जेवणावरून शेवटी उठायचा, गाडीत शेवटी बसायचा." मग म्हणाली, क्लबच्या दारात लोकांचे कोट ती सांभाळायची. शेवटची चाल सुरू झाली की परत द्यायला लागायची. चाल आणि कोट एकदमच संपायचे. "एवढ्या वेळात माझे सगळे झालेच नसते, पोरी."
बसमध्ये वाटलं, वय झालंय तिचं.

१३ जुलै
वय वगैरे काही नाही. टेपवर क्लबातल्या विजेची बारीक घरघर आहे. ती सेकंदाला पन्नास कंपनांवर असायला हवी, तिकडे नि इकडे सारखीच. पहिल्या टेपच्या सुरुवातीला बरोबर पन्नास. दुसरीच्या शेवटी त्रेपन्न!
म्हणजे स्टेजखालच्या मशीनची बॅटरी उतरत होती. फीत हळू फिरत गेली, म्हणून आता वाजवताना सगळं जलद. पेटत वगैरे कुणी गेलेलं नाही.
घरघर पन्नासवर आणून सगळं दुरुस्त केलं. स्वेन शांत झाला. ठीक वाजवतो. खरं सांगायचं तर, नुसता ठीक? नाही, तसंही नाही. पण वेगळाच कुणीतरी.

१७ जुलै
दुरुस्त केलेलं येन्सला पाठवलं, पुराव्यासकट. त्याचा फोन.
"हे मी नाही काढणार. असे चांगले पियानोवाले तेव्हा ढिगाने होते. मला तो पेटलेला हवा."
"तो पेटलेला नव्हताच."
"कुणाला कळणार? तुला आणि मला."
"इंगेला."
"मग तिला विचार. तो पेटलेलाच काढू, नाहीतर काहीच नको. सोमवारी, पंचवीसला, मीच फोन करतो तिला."
आईला सांगितलं. ती म्हणाली, "अप्पांनी गल्लीभर सांगून ठेवलंय गं."

२४ जुलै, रविवार
इंगेकडे, आईपण आली. सांडग्यांचा डबा घेऊन. इंगेने एक कच्चाच खाल्ला आणि म्हणाली, छान. आई मराठीत, "अगं बाई, तळायचा असतोय."
दुरुस्त केलेली टेप लावली. शेवटच्या चालीला इंगेचा हात रिकाम्या टेबलावरून आपोआप हलायला लागला. एक उचलायचा, पुढे करायचा. एक उचलायचा, पुढे करायचा. चाल संपली तसा हात थांबला.
"दोन कोट उरले," इंगे म्हणाली. "बरोबर. त्याचा आणि माझा."
मग माझ्याकडे वळली. "उद्या त्या माणसाला काय सांगू? हा कुणीच ऐकणार नाही. तो दुसरा निदान ऐकतील तरी, स्वेनच्या नावाने. मला कळत नाही. तू शिकलेली आहेस, तू सांग."
मी विचारलं, पुन्हा लावू का?
आईच म्हणाली, "लाव."