मोतीरामच्या लग्नाची टेस्ट

गोरखपुर मोहल्ला, जबलपूर
११ मे २०२३

चि. गुणवंत,

जय भीम. तुले अन् लतिकाले बेबीताईचा आशीर्वाद. इकडे मी बरी आहे, कूलरही बरा आहे, गुडघा तेवढा कुरकुर करून राहिला. बुद्धपौर्णिमेची खीर औंदा विहारात मीच रांधली. गोड जास्त झाली असं शेजारची चंपाबाई म्हणाली, पण दोन वाट्या खाऊन म्हणाली.

फोनवर तू मले बोलू देत नाही, मधातच "ताई, ऐक ना" सुरू करतो. म्हणून हे पत्र. आता तू ऐक.

तुझा लॅपटॉप मिळाला. तू म्हणाला होता, दुकानातल्या कंप्यूटरशी याची बरोबरी करून पाहा. लॅपटॉप जिंकला तर दुकान बंद कर अन् कायमची पुण्याले ये, लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग पुण्यातूनही होते. अच्छा. टेस्ट केली. तीच आपली, मझौलीच्या मोतीरामच्या लग्नाची, तू अन् जिजाजींनी शूट केलेली अख्खी कॅसेट. नवा प्रोसेसर आला की पहिले मोतीराम घोड्यावर बसते, हा तुझ्या जिजाजींचा नियम ते गेल्यावरही मी मोडला नाही.

तर निकाल लिहिते. दोघांवरही आय-फाइव्हच लिहिलं आहे, पण नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा. लॅपटॉप सुरुवातीले सुसाट पळाला, मंग तापला अन् रांगायले लागला. आपल्या जुन्या डेस्कटॉपनं पाऊण तासात कॅसेटचा पुरा व्हिडिओ बनवून काढला, लॅपटॉपले त्याहून जास्त वेळ लागला. जिजाजी म्हणतच होते, डेस्कटॉपच्या प्रोसेसरले पोटभर वीज भेटते, मोकळा वारा भेटते. लॅपटॉपचा बिचारा बॅटरी सांभाळत अंग चोरून काम करते. चलो, विषय संपला. ताई जबलपूरलेच बरी.

आता तू विचारशीलच की लॅपटॉप ठेवला कुठे होता.

गादीवर. नवा आहे, ओरखडा पडू नये म्हणून, असं लिहिणार होती. पण तुले थाप मारून मी कुठे जाऊ? मे महिन्यात कंप्यूटरच्या डब्याचं झाकण काढून टेबलफॅन लावायचं तूच मले शिकवलं. लॅपटॉप खालून हवा घेते हे मले समजत नाही काय? मुद्दाम ठेवला. वरून चार्जरही काढला. तो हरावा म्हणून.

काल दुपारी परत टेस्ट केली, इमानदारीनं. टेबलावर ठेवला, खाली हवेसाठी दोन लाकडी पट्ट्या लावल्या, चार्जर जोडला. गॅसवर चहा ठेवला अन् तो गाळून बाहेर येते तर मोतीरामचं लग्न लागून गेलं होतं. तुझा लॅपटॉप जिंकला, भाऊ. नऊ वर्षांच्या म्हाताऱ्याले नव्या पोरानं हरवावं यात नवल काय.

पण खरं सांगू, मले रडू आलं.

पहिला कंप्यूटर आठवते? कॅसेट बनवायले लावली की अख्खी संध्याकाळ मोकळी. शटर अर्धं ओढून आपण तिघं कमानिया गेटले खोव्याची जलेबी खायले जायचो, तू सायकलवर पुढे अन् आम्ही दोघं स्कूटरवर. दुसरा आला तेव्हा जिजाजी म्हणाले, आता फक्त गोरखपुर बाजारापर्यंतच जाता येईल. तिसरा, हा आताचा, तू जोडून दिला, तो कोपऱ्यावरच्या चहा-गप्पांपुरता. प्रोसेसर किती तेज आहे ते आपण असंच मोजायचो, कुठवर जाऊन येता येते त्यावरून. प्रत्येक वेळेस जिजाजी खूशही व्हायचे अन् जलेबी बुडाली म्हणून तोंडही पाडायचे.

काल मी उंबऱ्यापर्यंतही गेली नाही. स्क्रीनवर मझौलीची वरात, अन् जिजाजींचा आवाज, "गुणवंत, लाइट वर घे, नवरदेव सोडून करवल्या काहून दाखवतो?" तू किती हसला होता त्या वेळेस, लाइट हलून राहिला होता. मी ते तीनदा पाहिलं. चहा थंड झाला.

आता माझ्यापाशी कारण उरलं नाही. काम पुण्यात होईल, उलट लवकर होईल. भावजय म्हणून लतिका गुणाची आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण मले यायचं नाही, गुणवंत. इथे भाजीवाला सकाळी "दीदी, आज किसकी शादी निपटा रही हो?" विचारते. ज्या पोरींच्या बारशाचे व्हिडिओ आम्ही काढले त्या आता आपल्या लग्नाची तारीख घेऊन येतात. तुझ्या घरी मले कोणी दुखावणार नाही हे मले माहीत आहे, पण तिथे मी तुझी बहीण म्हणूनच राहीन. इथे मी बेबी दीदी आहे. हे एवढं सोडायची माझी हिंमत नाही होत.

मागच्या वेळेस तू फोन ठेवता ठेवता म्हणाला, या खेपेले नाही आली तर मी पुन्हा कधी विचारणार नाही. गादी, चार्जर, हे सारं त्याच्याच भीतीनं केलं. लॅपटॉप हरला असता तर तू माझ्यावर रागावला नसता.

म्हणून एकच मागते. तू विचारत राहा. दर उन्हाळ्यात विचार, दर दिवाळीत विचार. मी नाहीच म्हणीन, तरी विचार. या जगात मले "ताई, ये" म्हणणारा आता तू एकटाच उरला आहे.

तुझ्या फोनची वाट पाहणारी, अन् फोनवर पुन्हा नाहीच म्हणणारी,
तुझी ताई
बेबी