ह्यांचं माहेरपण

३ मे १९३४
मुंबईचे पाहुणे आजही हलले नाहीत. लोणावळ्याची हवा मानवते म्हणे! माझी कंबर धरली आहे. रविवारी दादा न्यायला येईल. सुदुंबऱ्याला आठ दिवस आईच्या हातचं खायचं नि नुसतं पडायचं — एवढ्या एका आशेवर पोळ्या लाटते आहे.

४ मे
शेजारच्या बंगल्यावरच्या बॅरिस्टरांनी ह्यांना नवा इंग्रजी शब्द दिला — ‘वॉश्ड-आउट’. लुगड्याला लावला तर धुऊन धुऊन विटलेलं, माणसाला लावला तर पार गळून गेलेला. जेवताना सगळं समजावून झाल्यावर म्हणाले, मी तोच आहे. ह्यांच्या शाळेला तर सुटी लागून किती दिवस झाले!
म्हटलं, मग मीही तीच.
“तुला ‘टायर्ड’ पुरे,” म्हणाले. “हा शब्द डोक्याने काम करणाराला.”
मास्तरांशी कोण वाद घालणार? ताटं उचलली.

५ मे
ह्यांनी अंथरूण धरलं. आरशात जीभ बघतात. सासूबाईंनी दृष्ट काढली.

६ मे
दादा आला तर हे पिशवी भरून तयार! हवापालट हवा म्हणे. अख्खी मुंबई हवेसाठी इथे येते आणि हे इथून सुदुंबऱ्याला, भर उन्हाळ्यात! सासूबाई म्हणाल्या, दोघं गेलात तर पाहुण्यांचं कोण करणार? दादा जावयापुढे काय बोलणार — घेऊन गेला.
माझं गाठोडं सोडलं. मोरीत जाऊन रडले.

११ मे
दादाचा निरोप. आई ह्यांच्या टाळूवर रोज तेल घालते. रोज पुरण. गावात कुणाला असला आजार झालेला नाही, म्हणून लोक बघायला येतात. हे त्यांना अर्थ सांगतात, वाक्यात उपयोग करून दाखवतात. मग दमतात नि पुन्हा निजतात.

१४ मे
आता पाहुणेही ‘वॉश्ड-आउट’ झाले आहेत. पाट कुणी उचलीत नाही.

१९ मे
भर दुपारी दारात आई! एकटीच. लेकीच्या घरचं पाणीही घेऊ नये म्हणणारी आई! तोंडावर रंग नाही, पाय सुजलेले.
“देवाला जाते सांगून निघाले,” म्हणाली. “जावयाचं आता होत नाही गं माझ्यानं. चार दिवस पडू दे इथे.”
तांब्या पुढे केला. घटाघटा प्यायली.