नेर्गिसचं सामान आमच्याच ट्रॅक्टरवरून जाणार

११ ऑगस्ट
ठरलं. ऑक्टोबरात नेर्गिसचं लग्न, आणि तिचं सामान सासरी जाणार ते आमच्याच ट्रॅक्टरवरून. पेटारा, गाद्या, गालिचे, शिलाई मशीन, सगळं. एकुलती एक लेक आहे. बाप जिवंत असताना मामाच्या ट्रॅक्टरवरून सामान न्यायचं म्हणजे काय?

मामा म्हणजे जेलाल, बायकोचा धाकटा भाऊ. कुंपणापलीकडेच राहतो. त्याचाही ट्रॅक्टर जुनाच, वडिलांनी मागे ठेवलेल्या आमच्या ट्रॅक्टरच्याच वयाचा. पण सकाळी किल्ली फिरवली की सुरू. मला हेवा वगैरे अजिबात वाटत नाही. आवाज फार करतो, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझं आयुष्य साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेलंय. या हातांनी किती स्पेअर पार्ट दिले-घेतले. एका ट्रॅक्टरचं काय घेऊन बसायचं?

संकल्प: लाकडं, पाण्याची टाकी, मागची बाग, घरचं सगळं काम आपल्याच ट्रॅक्टरवर. कुणाकडे काही मागायचं नाही. जेलालकडे तर नाहीच.

१४ ऑगस्ट
चालू झाला नाही. हवा दमट होती.

१५ ऑगस्ट
हवा कोरडी. तरी नाही.

१९ ऑगस्ट
बॅटरी मेलीय. नवी आणायला तोकातला, शहरात गेलो. वाटेत रंगाचं दुकान लागलं. लाल रंग आणला, मडगार्डला लावायला गोंडे आणले, आरशाला दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी. बायको म्हणाली, बॅटरी कुठाय? म्हटलं, आधी रूप. मिरवणुकीत इंजिनाच्या आत कोण डोकावतंय? ती मिरच्या वाळत घालायला गच्चीवर गेली. यंत्रातलं हिला कळत नाही.

२६ ऑगस्ट
मोठा शोध! शेडमागच्या उतारावरून ट्रॅक्टर सोडायचा, वेग आला की गिअर टाकायचा. धाडकन सुरू. बॅटरी हवीच कशाला? गावात बरेच जण असंच करतात म्हणे, पण त्यांचे उतार माझ्यासारखे नाहीत.

एकच अडचण. बंद पडला की पुन्हा वर ओढून न्यावा लागतो. आज जेलालच्या घेवड्यात जाऊन बंद पडला. जेलाल साखळी घेऊन आपणहून आला, त्याच्या ट्रॅक्टरने ओढून वर नेऊन ठेवला. मी मागितलं नव्हतं. हसलाही नाही. हसला असता तर बरं झालं असतं, चार शब्द सुनावता आले असते.

२ सप्टेंबर
हाताच्या ॲक्सिलरेटरची स्प्रिंग तुटलीय. पेडलवरचा पाय काढला की इंजिन मान टाकतं. जेलालला कुठून कळलं कोण जाणे, संध्याकाळी स्प्रिंग घेऊन हजर. तेल लावून, कागदात गुंडाळून. म्हटलं, आहे माझ्याकडे. नाहीये. पण ती स्प्रिंग लावली असती, तर हा चहाच्या दुकानात टेंभा मिरवत फिरला असता, दाजींचा ट्रॅक्टर माझ्या स्प्रिंगवर चालतो म्हणून.

उद्या तोकातला जाऊन स्वतःच आणणार.

३ सप्टेंबर
गेलो नाही. पाय आहे की मला, धडधाकट.

९ सप्टेंबर
नळाला पाणी नाही. अख्ख्या गल्लीला जेलालने टाकी आणून दिली. बायकोने त्याला चहा दिला, वर अक्रोडाची मिठाई, पाहुण्यांसाठी ठेवलेली. मला मागूनही मिळाली नव्हती. माझं काही नाही. डब्याचं झाकण उघडं दिसलं म्हणून लिहिलं.

१५ सप्टेंबर
आता नक्की झालं. ट्रॅक्टरला दृष्ट लागलीय. नाहीतर रंगवलेला, गोंडे लावलेला ट्रॅक्टर असा का वागेल? आणि कुणाची दृष्ट, हे मी सांगायला नको.

पेम्बे आजीला बोलावलं. शिसं ओतून दृष्ट काढण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही. इंजिनावर चादर अंथरली, वर पाण्याची परात मी धरली, आजीने त्यात वितळलेलं शिसं ओतलं. इतका मोठा आवाज होईल असं वाटलं नव्हतं. मी दचकलो. परात कलंडली. डिझेलच्या टाकीचं झाकण हरवल्यापासून तिथे चिंध्यांचा बोळा असतो, तो नेमका चादरीबरोबर निघाला होता. सगळं पाणी टाकीत.

आजीने परातीतला शिशाचा गोळा उचलून निरखून पाहिला. म्हणाली, "ही नजर घरातल्याच माणसाची आहे बाबा. रात्रंदिवस बघत बसतोय कुणीतरी."

बरोबर! जेलाल रोज आमच्याकडे चहाला असतो. घरातलाच म्हणायचा.

१६ सप्टेंबर
टाकी रिकामी करून धुवायला जेलाल आला. पापाची टोचणी असणार.

२२ सप्टेंबर
सुवार्ता. जेलालच्या ट्रॅक्टरचं मागचं चाक पंक्चर. खिडकीतून दिसलं. आज जेवण बरं गेलं.

संध्याकाळी त्याने चाक बसवलंसुद्धा. माणसाला जरा म्हणून दम नाही.

५ ऑक्टोबर
उतारावरून सोडला की हल्ली बहुतेक वेळा सुरू होतो. पाय पेडलवर दाबून धरला तर बंद पडत नाही. म्हणजे ट्रॅक्टर झाला.

नेर्गिस शेडमध्ये आली होती. माझ्या हातांवरचं ग्रीस पुसून देत म्हणाली, "बाबा, मामाचाच ट्रॅक्टर नेऊ या ना. तुम्ही त्या दिवशी माझ्याजवळ राहा."

हिच्या आईने शिकवून पाठवलेलं दिसतंय. मी म्हटलं, तुझ्याचसाठी चाललंय हे सगळं. ती फडकं ठेवून आत गेली. पटलं असावं.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
झालं लग्न. ट्रॅक्टर एकदाही बंद पडला नाही. हे आधी लिहून ठेवतो.

सकाळीच उतारावरून सुरू केला, दारासमोर आणून उभा केला. ट्रॉलीत सगळं सामान. मुलाकडचे लोक ढोल-सनई घेऊन आले, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. लाल रंग उन्हात असा झळकत होता! जेलालचा ट्रॅक्टर पार मागे, झाडाखाली. पाहून डोळे निवले.

मग आतून निरोप आला, नवरीच्या कमरेला लाल पट्टा बांधायला बापाला बोलावलंय. आमच्यात तो बापानेच बांधायचा, आणि मगच मुलगी उंबरा ओलांडते. पण पाय काढला असता तर ट्रॅक्टर बंद पडला असता, आणि दारासमोर उतार कुठला? सगळ्या वऱ्हाडादेखत जेलालची साखळी लागली असती. मी हातानेच सांगितलं, थांबा जरा.

थोड्या वेळाने जेलाल आला. इंजिनाच्या आवाजात ओरडून म्हणाला, "दाजी, तुम्ही उतरा. मी पाय धरतो पेडलवर. जा आत, पोर ताटकळलीय."

त्याचा डाव मला कळत नाही होय? मी आत गेलो की हा माझ्या सीटवर, माझ्या लाल ट्रॅक्टरवर, सगळ्या वऱ्हाडासमोर. लोक म्हणणार, बघा, शेवटी जेलालच लागतो. मी म्हटलं, नको, मी बसतो.

"मग पट्टा कोण बांधणार?"

"तूच बांध की. मामा आहेस ना?"

तो आत गेला.

नेर्गिस बाहेर आली तेव्हा पट्टा बांधलेला होता. मामाचा हात धरून आली. माझ्याजवळ येऊन माझ्या हातावर ओठ टेकवले, हात कपाळाला लावला. काहीतरी म्हणाली. ओठ हलताना दिसले, पण इंजिन असलं धडधडत होतं की काही ऐकू आलं नाही. मी मान डोलावली. ती बघत राहिली, मग आईने तिला गाडीत बसवलं.

वाटभर ट्रॅक्टर पुढे, नवरीची गाडी मागे. उत्तम चालला.

१२ ऑक्टोबर
बायको बोलत नाहीये. दमली असेल.

१४ ऑक्टोबर
आज विचारलं बायकोला, ती काय म्हणाली गं, त्या वेळी? बायको चुलीतली राख काढत होती. वर न बघता म्हणाली, "म्हणाली, बाबा, एक मिनिट बंद करा ना."

दुपारी शेडमध्ये गेलो. ट्रॅक्टर उतारावर नेऊन सोडला, सुरू झाला. तसाच बंद केला. कुठे न्यायचाय आता?

परतताना कुंपणापलीकडे जेलाल दिसला. लाकडं फोडत होता. मला बघून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, आणि पट्ट्याबद्दल काहीतरी सांगायला लागला, बांधताना पोर रडली म्हणे, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. मी सगळं ऐकून घेतलं.

आज पहिल्यांदाच जेलालचा हेवा वाटला.