वर्गात न बोलणाऱ्या लेकीबद्दल

बाई,

तुम्ही गेलात तेव्हा मी अकोल्याहून दर्यापूरला आले नाही. तुमच्या जुन्या विद्यार्थिनी झाडून सगळ्या मातीला आल्या होत्या म्हणे. मी घरी ज्वारी निवडत बसले. वडील माझी शाळा सोडवायला निघाले तेव्हा तुम्ही आमच्या ओसरीवर येऊन त्यांच्याशी भांडलात, मॅट्रिकच्या पेपराला जाताना स्वतःचा पेन माझ्या हातात दिलात, हे मी विसरलेले नाही. पण माझ्या लेकीचं तुम्ही जे केलंत तेही विसरलेले नाही, आणि त्या पेनानं त्याची भरपाई होत नाही.

ती पहिलीत होती, दर्यापूरलाच, तुमच्या वर्गात. कापसानं गावाला रडवलं ती वर्षं. घरी ती माझ्याआधी हरिपाठ म्हणायची, शेळीला रागवायची, आजोबांच्या बोलण्यातल्या चुका काढायची. शाळेच्या फाटकात पाय पडला की ओठ मिटले. तुम्ही तिला फळ्यापुढं उभं करता. "नाव सांग वं पोरी. सोताचं नावबी येत नाही काय तुले?" पोरं हसतात, ती पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी राहते. मग तुम्ही मला बोलावून घेतलंत. "तुयी पोरगी मंद हाये. अमरावतीले तसल्या पोराइची शाळा हाये, तिथं टाक. मी दाखल्यावर तसं लिहून देते." मी म्हणाले, "बाई, घरी लय बोलते हो ती." तुम्ही हसलात. "सगळ्याच आया असंच म्हनतात. कपाशी बुडाली, घराघरात तरास हाये. तुया घरीबी काही झालंच असन. नवरा मारते काय?"

माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये राबून यायचा आणि लेकीला खांद्यावर घेऊन मारुतीच्या पाराला फेरी मारायचा. भावानं सांगितलं म्हणून तिला आणि आजोबांना घेऊन अकोल्याला गेले, लहान मुलांच्या मनाचं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं. मी बसल्या बसल्या विचारलं, "हिले येड लागलं काय?" त्या उलट मलाच विचारत सुटल्या. कुठं बोलत नाही? कोणासमोर? कधीपासून? गल्लीतली याच वयाची मुलं कशी वागतात? मला विचारलं, आजोबांना वेगळं विचारलं, म्हणाल्या, "बाईंनाही विचारीन. एकट्या माणसाला मूल अर्धंच दिसतं." मी तुमचंच पुढं केलं, कपाशी बुडाली त्याचा धसका घेतला असेल. त्या म्हणाल्या, "कपाशी तर सगळ्या गावाची बुडाली ना? मग बाकीची पोरं का बोलतात? आणि त्याआधी ही पाहुण्यांशी बोलायची का?" नव्हती बोलत. त्याआधीही नव्हती. दोन गोष्टी एकामागून एक आल्या म्हणजे पहिलीनंच दुसरी केली असं होत नाही, हे मला त्या बाकावर बसून कळलं. वेगळं असणं म्हणजे आजार नव्हे, असंही त्या म्हणाल्या, पण लेकराला त्याचा त्रास होत असेल, शिकणं-खेळणं अडत असेल, तर हात द्यायचा. हिला परक्यांपुढं बोलायची भीती होती. बुद्धी शाबूत होती.

मी येऊन तुम्हाला हे सगळं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "माया कानानं ऐकीन तवाच मानीन." म्हणून मी तुम्हाला भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांना घरी बोलावलं. आमच्याकडं जाऊबाई मुखवटे घेऊन उंबऱ्यात थांबतात, मी आतून विचारते, "महालक्ष्मी आली, कशाच्या पावलानं आली?" आणि माझी लेक ओरडते, "सोन्याच्या पावलानं आली!" दरसाल तिचाच आवाज सगळ्यांत वर. त्या संध्याकाळी तुम्ही खुर्ची पुढं ओढून फक्त तिच्या तोंडाकडं बघत बसलात. मी विचारलं. लेक पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. पुन्हा विचारलं. जाऊबाई मुखवटे घेऊन उंबऱ्यातच अडकल्या. शेवटी सासूबाईंनी उत्तर देऊन देवी आत घेतली. तुम्ही उठलात. "पाह्यलं? देवीपुढंबी तोंड उघडलं नाही. आता तरी खोटं बोलू नको." प्रसाद न घेता गेलात.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बाई बघायला बसल्या तेव्हाच तुमच्या घराची शाळा झाली. बघणारा आला की बघायची गोष्ट बदलते." मी म्हणाले, मग बाईंना स्वयंपाकघराच्या पडद्याआड बसवू. त्या म्हणाल्या, "चोरून नाही. तिला विचारून." विचारलं. लेकीनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. पुरावा तिथंच संपला.

तुम्ही दाखला लिहिलात. मी तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर परत ठेवला. "दाखला नको. पोरगी याच शाळेत बसन." तुम्ही शेजारीच उभ्या होतात. "तू मले शिकवतं काय वं?" मी म्हणाले, "हो, बाई." मुख्याध्यापकांनी दाखला ठेवून घेतला, पोरगी शाळेतच राहिली. पुढं एक मैत्रीण घरी खेळायला येऊ लागली, मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्या दोघी आणि दाराशी मी. असं हळूहळू ती शाळेत बोलायला लागली. तोवर तुम्ही निवृत्त झाला होतात.

आज ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते, रडणाऱ्या पोरांशी बोलत बोलत सुई टोचते. हे लिहून तुम्हाला हरवायचं, म्हणून मी बसले होते. पण ती जन्मात कुठं बोलली नसती तरी तुम्ही चुकलाच असतात, बाई. एका खोलीत, एका खुर्चीवरून बघून तुम्ही लेकराचा निकाल लावलात.

रोज देवापुढं बसते, गेलेल्या सगळ्यांसाठी शांतीचं मागणं मागते. तुमच्यासाठी अजून मागितलेलं नाही. लिहून मोकळी झाले की मागता येईल असं वाटलं होतं. आजही नाही जमलं.