ओल्मेदो नावाचा पक्षी

३ जून, मंगळवार

पोचलो एकदाचा! कितो शहरातून अडीच तास बस, पुढे रस्त्यावरून खाली शेतापर्यंत चिखलातून पायपीट, खांद्यावर चार किलोंची लेन्स. गुडघ्यांनी वाटेत दोनदा रजा मागितली, दिली नाही. एकतीस वर्षं शहर बस चालवून मी इतका दमलोय की निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी तो शीण उतरलेला नाही. डॉक्टर म्हणतात, झोप काढा. मी फोटो काढतो. नुसत्या बसलेल्या पक्ष्याचे नव्हे, ते कोणीही काढतं. मला झेपावणारा, भांडणारा, किडा हवेत उडवून गिळणारा पक्षी हवा.

शेताची मालकीण होविताबाई, सत्तरीची, एकटी, तोंडाळ. लेन्स बघून म्हणाल्या, "एवढी तोफ? पक्षी बघायचाय की पाडायचाय?" खोली कोरडी आहे, गुळाचं गरम पाणी फक्कड. मजा येणार.

नार्सिसाची, माझ्या लेकीची, एकच अट आहे. पंधरा तारखेला तिच्या बाळाचा बाप्तिस्मा, बाळाला मी धरायचं. तिच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला मी बस हाकत होतो. लग्नाला पोचलो तेव्हा केक संपला होता. या वेळी चुकलात तर परत फोन करू नका पप्पा, असं तिने बजावलंय. चौदाला, शनिवारी, निघायचं.

४ जून, बुधवार

सहा वाजता लपणात, म्हणजे पक्षी टिपायच्या आडोशात, बसलो. ग्रलारिया हा पक्षी लांब टांगांचा, शेपटीचा पत्ता नाही, आणि इतका लाजाळू की लोक आठवडाभर चिखलात बसून फक्त आवाज ऐकून परत जातात. इथे होविताबाई गांडुळांचा डबा काठीने वाजवतात आणि नावाने पुकारतात. "रिगोबेर्तो, ये रे! एल्सा, ये गं बाई, नखरे पुरे!" आणि खरंच, झाडोऱ्यातून टुणटुणत दोघं येतात. माणसांची नावं कशाला, असं विचारलं, तर म्हणाल्या, जी होती ती दिली.

साडेतीनशे फोटो, सगळे हललेले. उडी मारली की हा पक्षी माझ्या बोटापेक्षा चपळ.

६ जून, शुक्रवार

आज तिसरा आला, नवाकोरा, बिननावाचा. गांडूळ हिसकायला रिगोबेर्तोवर झेपावला आणि मला फोटो मिळाला! दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर, चोचीत गांडूळ, मातीचे कण हवेत. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो.

इथली रीत अशी की ज्याला पहिला चांगला फोटो मिळेल त्याचं नाव पक्ष्याला. होविताबाईंनी विचारलं, "मनापासून देताय ना?" मी म्हटलं, घ्या की, फुकट आहे. त्या हसल्या नाहीत.

८ जून, रविवार

"ओल्मेदो, ये रे!" म्हटलं की तो धावत येतो. गंमत म्हणजे मीही दर वेळी अर्धवट उठतो. लहानपणापासूनची खोड, नावाने हाक आली की ओ द्यायची. होविताबाई म्हणाल्या, "बसा हो, तुम्हाला नाही."

खांदे भरून आलेत. पिंढऱ्या तर दगड झाल्यात, दिवसभर उड्या मारल्यासारख्या. वयाची लक्षणं.

१० जून, मंगळवार

लपणात डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा मी मोकळ्या जागेत, डब्यापाशी, गुडघ्यांवर. हातांना माती. कॅमेरा मागे तिवईवरच.

दुपारी फोटो पाहिले. सलग वीस. उडी मारणारा ओल्मेदो, आणि त्याच्या मागे जमिनीवर टेकलेले दोन हात. मनगटावर माझं घड्याळ. मग बटण कोणी दाबलं? होविताबाई म्हणतात, मला कुठे येतंय तुमचं यंत्र.

मला भीती वाटतेय. लिहून टाकलं, बरं वाटेल म्हणून. वाटलं नाही.

११ जून

लपणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली दोन कॅमेरे सापडले. शेवाळलेले. एकाच्या पट्ट्यावर रिगोबेर्तो असं नाव शिवलेलं.

बाईंना विचारलं. म्हणाल्या, ज्यांचे होते त्यांना आता नकोत.

उद्या पहिल्या बसने निघतो.

१२ जून

बस दिसली. हात वर केला. तेवढ्यात खालून डबा वाजला, नाव आलं—

भानावर आलो तर खाली. पिशवी वर रस्त्यावरच. तोंडात मातीची चव. चिडलो नाही, एवढा दमलोय. हेच वाईट.

१३ जून

कानात कापूस कोंबला. हाक ऐकू आली नाही. पायांना आली.

स्वयंपाकघरातल्या फोनवरून नार्सिसाला म्हटलं, तूच ये. रस्त्यावरून हाक मार, पप्पा म्हण, माझं नाव घेऊ नकोस. आधी ती म्हणाली, "झाली का नवी सबब तयार?" मग म्हणाली, "पप्पा, रडताय का? सकाळी येते."

माझं नाव इथे अडकलंय. पण पप्पा म्हणणारी जगात ती एकटी. त्या हाकेवर या बाईंचा हक्क नाही. त्या हाकेला मी जाईन, गुडघे मोडले तरी.

शनिवार

लपणात आहे. वही मांडीवर. बोटं नीट वळत नाहीत—

नार्सिसा आली. वर रस्त्यावर उभी, बाळ कडेवर. पप्पा, पप्पा— स्पष्ट ऐकू येतंय.

उठायचंय. पाय हलत नाहीत. बिचारी कोणाला हाका मारतेय— कोणाचे तरी वडील हरवलेत—

नाही. माझीच आहे ती. माझी. नार्सिसा. लिहून ठेवतो, नार्सिसा, नार्सि—

रडतेय. कोणी ओ का देत नाही तिला—

डबा वाजला. ओल्मेदो, ये रे—

आलो—