पुसलेले पट्टे

प्रिय ताई,

तू बाबांना फोनवर म्हणालीस, "एकटे चालत माझ्याकडे या, मग मानलं तुमच्या नाचाला." तू थट्टा केलीस, पण त्यांनी ते मनावर घेतलं आहे. फोन केला की ते शेजारी येऊन बसतात, म्हणून लिहितो.

कंपवाताच्या रुग्णांसाठीच्या त्या नाचाच्या वर्गात त्यांचे पाय खरंच मोकळे होतात. एरवी ते उंबऱ्यापाशीसुद्धा जागीच खिळतात. तिथे बाई जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावतात आणि बाबा गाणं गुणगुणत एकेक पट्टी ओलांडतात. बाई म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्हीच वर्ग घ्या." तेव्हापासून स्वारी हवेत आहे.

काल परत येताना त्यांनी माझा हात झटकला. "इथेही पट्टेच आहेत, सरक बाजूला," म्हणाले आणि चौकातल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून ठेक्यात निघाले. रस्त्याच्या मधोमध रंग पुसला गेला आहे. तिथे पुढचा पट्टा दिसेना, तसं गाणं थांबलं आणि पायही थांबले. सिग्नल सुटला. मी त्यांना कमरेला धरून उचलून आणलं. घरी आल्यावर म्हणाले, "तू मध्ये आलास, म्हणून ठेका चुकला."

तुझ्या घराच्या वाटेवर असे किती चौक आहेत, ते तुला माहीत आहे. "बाबा, मीच येते," एवढं तू त्यांना सांग. माझं ते ऐकत नाहीत.

पत्र टाकायला मला खाली जावं लागेल. पण ते बूट घालून दाराशी बसले आहेत, आणि मी कधी बाहेर पडतो याचीच वाट पाहत आहेत.

तुझा,
धाकटा