हॉकीच्या हक्कांची बोली

४ जानेवारी, रविवार
सकाळी वैजनाथ सुभेदार घरी आले. फौजेतून रिटायर झाल्यावर बेलापुरात हॉकी आणली ती यांनीच. आता लीग काढली आहे. सहा संघ, सगळे खेळाडू पगारी, २६ जानेवारीला पहिली मॅच. मॅचेस टीव्हीवर दाखवायचे हक्क कोणाला द्यायचे हे ठरवायला समिती केली आहे आणि प्रमुख मी. मीच का, असं विचारलं. म्हणाले, "सहादेवराव, तुमचं गावात कुनाशीच वाकडं न्हाई." खरं आहे. पन्नाशी आली, कोणाशी वाकडं येऊ दिलं नाही. लोक याला भित्रेपणा म्हणतात. फौजी माणसाला बरोबर कळलं की हा समतोल आहे.
संकल्प: निर्णय निःपक्षपाती. समितीचा विषय घरी काढायचा नाही.
बायकोला, रतनला, सांगितलं. तिला आनंद झाला असावा. ती म्हणाली, "त्यांना दुसरं कुनी घावलं न्हाई का?"

६ जानेवारी, मंगळवार
हक्कांसाठी दोन अर्ज आले. पहिला झुंबर केबलचा. बेलापूर ते श्रीरामपूर घरोघरी झुंबर दिसतं. मालक बन्सीशेठ. यांच्याच कांद्याच्या अडतीवर मी बावीस वर्षं दिवाणजी आहे.
दुसरा राहात्याच्या 'दिवटी लाईव्ह'चा. ते मोबाईलवर दिसतं. मालक कल्याणराव. म्हणजे माझे व्याही, ज्ञानेश्वरीचे सासरे.
चहा तसाच राहिला.
ज्ञानेश्वरीला सातवा सरला. पहिलं बाळंतपण माहेरी. पौष संपला की गणेश जयंतीला, म्हणजे २२ तारखेला, तिला आणायचं ठरलंय. पाठवणं न पाठवणं सासऱ्याच्या हातात. आणि हक्कांची बोली २० तारखेला, मंदिराच्या मंडपात. मधे एकच दिवस.
हात गार पडले. थंडी फार आहे यंदा.

८ जानेवारी, गुरुवार
शेठनी गादीवर बोलावलं. म्हणाले, "सहादेव, तीन कॅमेरे लावतो. वर ड्रोन. थोरल्याच्या लग्नाला घेतला तेव्हापासून बसून खातोय." मग हळूच म्हणाले, "आपलंच समजू ना?"
मी मान गोल फिरवली. हो नाही, नाही पण नाही. वाटाघाटीत याला महत्त्व आहे.

९ जानेवारी, शुक्रवार
व्याह्यांचा फोन. तब्येत, थंडी, ऊस. मग मूळ मुद्दा. शेठ किती कॅमेरे लावतोय? सांगायला नको होतं. सांगितलं. ते म्हणाले, "मग आमी चार. आन् ड्रोन कशाला? जेसीबीच्या बकेटीत कॅमेरावाला उभा करतो."
संध्याकाळी हिशेब जुळवताना शेठसमोर जेसीबीचा शब्द तोंडातून गेला. शेठनी लगेच पाच कॅमेरे केले, त्यातला एक पंचाच्या टोपीत. शिवाय सगळ्या मॅचेस फक्त झुंबरवर, मोबाईलवर इतर कोणी दाखवायच्या नाहीत, ही अट.
मोठमोठी चॅनेलं क्रिकेटसाठी भांडतात तेव्हा हेच होतं. फरक इतकाच की तिथे मधे तज्ज्ञ लोक बसवावे लागतात. इथे मी एकट्याने दोन दिवसांत तीनचे पाच केले.

१० जानेवारी, शनिवार
व्याही फोन ठेवताना म्हणाले होते, "आमच्या घरात तुमची लेक, तुमच्या हातात आमचं चॅनेल." आणि हसले. त्या हसण्याचा दिवसभर विचार केला. रतन म्हणते, "त्ये तर मयतीतबी हसत्यात." मला ते हसणं तसलं वाटलं नाही.
दुपारी शेठ म्हणाले, दुकानात कॉम्प्युटर आणतोय. आजच का? बावीस वर्षं माझं अक्षर चाललं.
पोटात गोळा आहे. ओवा घेतला. भीती नाही ही, सावधपणा आहे. सावधपणा पोटावर येतो.

११ जानेवारी, रविवार
मनुष्याने कुठवर डोकं चालवायचं? मारुतीला कौल लावला. उजव्या खांद्यावर शेठचं फूल, डाव्यावर व्याह्यांचं. ज्याचं आधी पडेल त्याला हक्क. हात जोडून डोळे मिटले. उघडले तर दोन्ही फुलं नव्हती. गुरव फडकं घेऊन उभा. म्हणाला, "कचरा व्हता, झाडला."
देवाने निर्णय माझ्यावर सोपवला. विश्वास आहे म्हणूनच.

१२ जानेवारी, सोमवार
आंघोळ करताना युक्ती सुचली. दोघं लढले तर एक दुखावणार. एकाला आधीच बसवलं तर लढतच नाही. दुसरा एकटा बोली लावील, हक्क घेईल, आणि मी कोणालाच हरवलं नाही असं होईल. इतकं साधं कोणाच्या लक्षात येत नाही.
दुकान उघडताच शेठकडे गेलो. विनंती केली असं म्हणता येणार नाही, परिस्थिती मांडली. लेक अवघडलेली, व्याही तापट, तुम्ही माघार घेतलीत तर पोरीची वाट मोकळी. बोलताना डोळ्यांत पाणी आलं. दुकानात कांदा आहे.
शेठ म्हणाले, "बघू." आणि काट्याकडे वळले.
बावीस वर्षांत मी रजा मागितली की शेठ 'बघू' म्हणतात. रजा मिळालेली आठवत नाही.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
राहात्याला गेलो. रतनने वाण, तिळगूळ, ज्ञानेश्वरीला काळी साडी घेतली होती. पोरगी छान आहे, गाल भरलेत. मला म्हणाली, "आप्पा, तुमीच वाळलाय."
शेठच्या 'बघू'वर भिस्त ठेवून चालणार नव्हतं. खबरदारी म्हणून व्याह्यांना गोठ्याकडे नेलं. शेठ माझे अन्नदाते, कॉम्प्युटर आणताहेत, तुम्ही माघार घेतलीत तर या वयात माझी भाकरी शाबूत राहील, असं समजावलं. शेवटचं वाक्य नीट झालं नाही. तिळगूळ घशात अडकला होता. व्याह्यांनी पाठीवर थापा मारल्या. म्हणाले, "पानी प्या, पानी. बघू की."
यांचंही बघू.
येताना एसटीत रतनला सांगितलं की काळजी मिटली, दोघांपैकी एक तरी ऐकेल. रतन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आन् दोगांनीबी ऐकलं तर?"
हसू आलं. पाच कॅमेरे, ड्रोन, जेसीबी इथवर आलेली माणसं. रतनला बाजार कळत नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार
दोघंही गप्प. शेठनी माझ्या बीपीची चौकशी केली. व्याही रोज पहाटे मोबाईलवर विठ्ठलाचा फोटो पाठवतात, खाली 'आनंदी रहा'. आधी कधी पाठवत नव्हते.
गोड बोलणारा माणूस काय ठरवून बसलाय ते कळत नाही. त्यापेक्षा शिवी बरी.
आज दुकानात मागच्या बोळातून गेलो. जीपचा हॉर्न वाजला की व्याही आले असं वाटतं. आज तीन जीप आल्या. एकीत बोकड होते.

१८ जानेवारी, रविवार. अमावास्या
पौष संपला. आता पोरगी न पाठवायला निमित्तही उरलं नाही.
बोली मलाच पुकारायची आहे. सप्ताहात नारळाची बोली पुकारतात तशीच. "एक वार" म्हणून पाहिलं. आवाज फुटेना. मोरीत दार लावून सराव केला. बाहेरून रतनने विचारलं, "कोन गेलं?"
समजा दोघंही भिडले. "तीन वार" म्हणताना मी कोणाकडे पाहू? ज्याच्याकडे पाहीन तो जिंकला आणि दुसऱ्याचं तोंड मला दिसणार. एकाच्या हातात माझी पोरगी, दुसऱ्याच्या हातात माझी नोकरी. ठरवलं, डोळे मिटून पुकारायचं. लोकांना वाटेल भक्तिभाव आहे.

२० जानेवारी, मंगळवार
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशीशी प्रामाणिक राहायचा संकल्प आहे.
मंडप भरला होता. सहा संघांचे मालक, खेळाडू, गाव. काही खेळाडूंनी जर्सीवर स्वतःचा मोबाईल नंबर छापून आणलाय, टीव्हीवर दिसावा म्हणून. शेठ उजवीकडे बसले, व्याही डावीकडे. नारळ फुटला. मी डोळे मिटले आणि हक्कांची बोली उघडली असं जाहीर केलं.
काही ऐकू आलं नाही. वाटलं, कानात दडे बसले.
"एक वार," म्हणालो.
कोणीतरी खोकलं.
डोळे उघडले. शेठ व्याह्यांना हाताने खुणावत होते, तुम्ही बोला. व्याही हात जोडून म्हणत होते, "न्हाई शेठ, मान तुमचा." शेठ म्हणाले, "अहो, मी तर तुमच्यासाठी सोडलंय." व्याही म्हणाले, "आवो, मी बी तुमच्यासाठीच."
मंडपात सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते का, हे अजून कोणाला माहीत नव्हतं. मला होतं.
"दोन वार," म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.
सुभेदार उठले. विचारलं, "ही काय भानगड हाय?" शेठनी सांगितलं, सहादेव दुकानात येऊन रडला, लेकीसाठी सोडा म्हणाला, म्हणून सोडलं. व्याही म्हणाले, "आमच्या गोठ्यातबी रडले. नोकरीसाठी."
मागून हशा सुरू झाला तो पुढपर्यंत आला. शेठ आणि व्याही एकमेकांच्या मांडीवर थापा मारत होते. यांची याआधी ओळखही नव्हती.
रडलो नव्हतो. कांदा होता, तिळगूळ होता. पण त्या गोंधळात कोण ऐकतो.
विचार केला तर ही माझ्या शब्दाची ताकद आहे. दोन चॅनेलं एका माणसाच्या शब्दाखातर बसली. मोठ्या शहरात असं होईल का? हे सुभेदारांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "प्रमुख म्हनून तुमचं काम येकच हुतं. कुनीतरी घ्यावं, बस." जर्सीवाल्यांपैकी एक जण स्वतःच्या छातीवरचा नंबर खाली मान घालून वाचत होता. त्याच्याकडे मी पाहिलं नाही.
देवाच्या मंडपातली बोली रिकामी सोडत नाहीत. सुभेदारांनी सव्वा रुपया ठेवून हक्क स्वतः घेतले. "तीन वार" मी म्हणालो. आवाज चांगला फुटला. तेव्हा कोणी ऐकत नव्हतं.

२१ जानेवारी, बुधवार
आता खरी धास्ती. लोकांसमोर हसले ते ठीक. घरी गेल्यावर व्याह्यांना राग आला असणार. उद्या म्हणतील, पोरगी इथेच बाळंत होईल. तसं झालं तर काय बोलायचं ते पाठ केलं. पाठ होत नाही.
शेठनी स्वतःहून त्यांची गाडी दिली. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

२२ जानेवारी, गुरुवार. गणेश जयंती
गाडीत पाठ केलेलं पुटपुटत होतो. रतन ड्रायव्हरला म्हणाली, "ह्यांना न्हाई काही झालं. ह्ये असंच."
व्याह्यांच्या दारात चपलाच नीट लावत बसलो. विहीणबाई कडूबाई ओटीचं ताट घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, "व्याही, लेक न्येताय व्हय? बोली लावायची का?" सगळं घर हसलं. व्याही तर मघापासूनच हसत होते.
मी एकीकडे घेऊन विचारलं, राग नाही ना? ते म्हणाले, "कशाचा? ती तर पौष लागला तवाच बॅग भरून बसलीय. तुमच्या हाकीपायी आमी तिचं बाळंतपन अडवू व्हय? मानसं हाय का कोन हाय आमी?"
पाठ केलेलं सगळं फुकट गेलं.
बॅग खरंच दाराशी होती. तिच्यावर धूळ होती.
येताना दुकानापाशी गाडी थांबली. शेठ बाहेर आले, पोरीच्या हातात पेढा दिला. मग मला म्हणाले, "कॉम्प्युटर आलाय. तुझ्यासाठीच. चष्म्याचा नंबर किती वाढलाय, बघितलं का?"
म्हणजे एक तारखेपासून मला तो चालवावा लागणार. हे नवीनच.

२६ जानेवारी, सोमवार
झेंडावंदन झालं. मॅच दहाला. ड्रोन नाही, जेसीबी नाही. मैदानाकडेच्या मंडपात सोफ्यावर शेठ आणि व्याही शेजारी शेजारी. दोघं मिळून कुठल्याशा कबड्डीचे हक्क घेणार आहेत म्हणे. माझा सल्ला घेतलेला नाही.
कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून बरीच जागा शोधली. उजवीकडे गेलो तर शेठ बघणार, डावीकडे गेलो तर जर्सीवाले. शेवटी पलीकडच्या गोलपोस्टमागे, जाळीला टेकून अगदी मधोमध उभा राहिलो. तिथून मंडप जाळीआड जातो. मफलर कानांवरून घेतला. महिन्यात पहिल्यांदा पोटातला गोळा नव्हता. जप सुरू केला. पुढे खेळ चालला होता, आरडाओरडा होत होता. मनात आलं, माणसाने असंच मागे उभं राहावं. कोणाच्या अध्यातमध्यात नाही.
अर्ध्या तासाने जाळीतून दिसलं, शेठ आणि व्याही एकाच मोबाईलवर डोकी जोडून बसले आहेत आणि हसताहेत. धंद्याचं काही असेल.
मग फोन वाजला. घरून ज्ञानेश्वरी. म्हणाली, सुभेदारकाका त्यांच्या फोनवरून मॅच लाईव्ह दाखवताहेत. गोलपोस्टमागे बांबूला फोन बांधलाय. राहात्याची माणसं, सहाही संघांचे पाहुणे बघताहेत. दोन गोल झाले, कोणालाच दिसले नाहीत. सुरुवातीपासून नुसता एक मफलर दिसतोय.
मागे वळून पाहिलं. बांबू होता.
ती म्हणाली, "आप्पा, सरका."
सरकलो.